उलट चालणाऱ्या शालनबाई

गोव्यात साखळीला बिऱ्हाड केलं तेव्हा मला वाटलं होतं, या गावात माझ्याइतकी भ्यालेली बाई दुसरी कोणी नसेल. तो मान शेजारच्या शालनबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतला. आम्ही टेम्पोतून सामान उतरवत होतो. शेजारच्या घराची जनेल, म्हणजे खिडकी, जेमतेम बोटभर उघडली आणि आतून बारीक आवाज आला, "वयनी, तुमच्या लाकडांनी विंचू बी नाय मगो?"

"नाय हो," मी म्हटलं.

"बघून सांगता मगो? माका भंय दिसता." आणि जनेल खाडकन बंद.

माका भंय दिसता. मला भीती वाटते. दुसरी माणसं राम राम म्हणतात ना, तसं शालनबाई हे म्हणायच्या. त्यात लाज नाही, लपवाछपवी नाही. मराठी प्राथमिक शाळेत त्या शिकवायच्या. चाळिशीच्या आसपास, एकट्या राहणाऱ्या, अंगानं काडी. साडी निसटेल या भीतीनं खांद्यालाही पिन आणि कमरेलाही पिन. वर्गात त्यांची मराठी अशी स्वच्छ की ऐकत राहावं, पण पाल दिसली की लगेच कोंकणी. शिकवायच्या मराठीत आणि घाबरायच्या कोंकणीत, असं शाळेतली पोरंच म्हणायची.

कशाकशाला भीत नसत हे सांगणं सोपं. बेडूक, वीज, कुत्रा, पोलीस, शाळा तपासायला येणारा साहेब, सगळ्यांना भीत. कावळा टोच मारील म्हणून ऊन नसतानाही छत्री उघडून चालत. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, गरम उंडो देऊन गेला की तो पाव त्या फाडून उजेडात धरून बघत, मगच खात. मी एकदा विचारलं, काय असतं हो आत? म्हणाल्या, "असत नाय कांय. पूण कोण जाणा." शाळेला निघताना दाराला कुलूप लावत, फाटकापर्यंत जात, परत येऊन कुलूप ओढून बघत, आणि तरी धीर झाला नाही की मला हाक मारत. "वयनी, तुमी ओडून पळयात गो." रोज सकाळी शालनबाईंचं कुलूप ओढून मगच माझ्या चुलीवर भात चढायचा. का एवढ्या भ्यायच्या ते मला कधी कळलं नाही. गावात जो तो वेगळं कारण सांगायचा, म्हणून मी विचारायचंच सोडून दिलं.

मी हसायची त्यांना. पण मी तरी काय मोठी शूर लागून गेले होते! आमचं गाव हद्दीपलीकडं, दोडामार्गच्या अंगाला. एसटीनं यायला फार वेळ लागत नाही, पण आमच्या आजेसासूच्या लेखी गोवा म्हणजे परमुलूख. तिच्या काळात हद्दीवर पाखले, म्हणजे गोरे शिपाई, उभे असत आणि बायकांची गाठोडी सोडून बघत. आम्ही निघालो तेव्हा ती अशी रडली की जणू आम्ही बोटीत बसून आफ्रिकेला निघालो होतो. आमचे हे खनिजाचा टिप्पर चालवायचे. एक हंगाम एकट्यानं काढला आणि मग मुलांच्या शाळेसाठी आम्हाला घेऊन आले. दिवसही कसले? घटकराज्य व्हायच्या आधीचे. मराठी की कोंकणी, हा तंटा नुसता पेटला होता. बसमध्ये तेच, दुकानात तेच, नदीवर धुणं धुताना तेच. आपण तोंड उघडलं की समोरचा आपल्याला जोखतोय असं वाटायचं. भाजी घेताना कुठला शब्द वापरू, इथपासून माझी धाकधूक सुरू.

अशात मी दोन्ही मुलांना घेऊन शाळेत नाव घालायला गेले. विलासचं काम झालं पटकन. तो जन्माचा वाचाळ. मग हेडमास्तरांनी सुमाला पुढं घेतलं. "बाळ, तुझं नाव काय?"

सुमानं जमिनीकडं बघितलं.

"घरी कोण कोण असतं? गाणं येतं का एखादं?"

काही नाही. ओठाला ओठ चिकटवल्यासारखे. मी तिला ढोसलं, चिमटा काढला, गोड बोलले. "सर, घरात हिचं तोंड मिटत नाही हो. नुसती टकळी चालू असते."

हेडमास्तर काही वाईट माणूस नव्हते. पण चाळीस पोरांचा वर्ग आणि शिक्षक अपुरे. चष्मा काढून म्हणाले, "हे बघा, नाताळच्या सुटीपर्यंत मी थांबतो. तोवर बोलली नाही तर हिला गावी आजीकडे ठेवा. तिथल्या ओळखीच्या शाळेत बोलेल तरी. न बोलणाऱ्या मुलाला शिकवायची सोय आमच्याकडे नाही."

सहा वर्षांचं पोर हद्दीपलीकडं ठेवायचं, आईवाचून? सासूला धड दिसत नाही, विहीर घराला लागून. पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एका दमात गेलं.

कोपऱ्यात शालनबाई बसल्या होत्या. त्यांनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला. "सर, ही माझ्या वर्गात द्या."

"का हो?"

"ही दंगा करणार नाही. मला दंग्याची भीती वाटते."

हेडमास्तरांना हसू आवरेना. अशी आमची सुमा शालनबाईंच्या वर्गात बसली.

पावसाळा गेला. सुमा शाळेत एक शब्द बोलली नाही. पाढे म्हणताना सगळा वर्ग डोलायचा, ही बघत राहायची. पाटीवर मात्र सगळं बरोबर लिहायची. रोज ती आली की मी विचारायची, आज बोललीस? ती मान हलवायची. पुढं पुढं शाळेचं नाव काढलं की ती घरातही गप्प व्हायला लागली, तेव्हा मी विचारणं सोडलं आणि नुसती देवाला हात जोडत बसले. शालनबाईंनी तिला कधी बोल म्हणून म्हटलं नाही. पालीला भिऊन ओरडायच्या, तेवढ्यापुरती सुमा हसायची म्हणे. बिनआवाजाचं.

चतुर्थी झाली, पाऊस सरला आणि खाणींचं काम जोरात सुरू झालं. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना सांगायला नको. सकाळपासून टिप्परमागून टिप्पर, रस्ता लाल, झाडं लाल, वाळत घातलेलं धुणं लाल. आमची वस्ती रस्त्याच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या. आदल्या वर्षी एक पोर चाकाखाली जाता जाता वाचलं होतं. त्या दिवसापासून शालनबाईंनी दोरी काढली.

विहिरीच्या राटाचा काथ्याचा जुना दोर. त्याला जागोजागी गाठी मारलेल्या. एकेका गाठीला एकेक पोर. पुढचं टोक बाईंच्या हातात, शेवटची गाठ वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाच्या हातात. बाई एक हात वर करून टिप्पर थांबवायच्या आणि रस्त्यात शिरायच्या. सगळी पोरं पार झाली की शेवटचा मुलगा ओरडायचा, "पावलोऽऽ!" म्हणजे पोचलो. ते ऐकल्याशिवाय बाईंचा हात खाली यायचा नाही. डायवर हॉर्न मारोत, शिव्या घालोत, हात वर तो वर. बाई थरथर कापायच्या, पण हात वरच.

त्या वर्षी बाईंनी शेवटची गाठ कोणाच्या हातात द्यावी? आमच्या सुमाच्या.

मला कळलं तशी मी पेटलेच. पदर खोचून त्यांच्या दारात. "बाई, तुम्हाला दुसरं कोणी मिळालं नाही? माझं न बोलणारं पोर तुम्ही शेवटाला लावलंत? धुरळ्यात मागच्या मागे हात सुटला तर हाक तरी मारील का ती?"

"तेंच मगो, वयनी," बाई म्हणाल्या. "माका तेंच भंय दिसता. बोलपी भुरगें फाटीं आसलें की हांव मुखार बघून चलता, आवाज येतलो म्हूण. हें बोलना. म्हूण आतां म्हजे दोळे ताच्यार." बोलणारं पोर मागं असतं तर आवाजावर भागलं असतं; समोर बघून चाललं तर सुमा दिसणार नाही, म्हणून बाई त्या दिवसापासून रस्त्यात उलट चालायला लागल्या होत्या. तोंड पोरांकडं, पाठ पलीकडच्या काठाकडं, एक हात वर, डोळे शेवटच्या गाठीवर. सुमा ओरडायची नाही, म्हणून ती काठाला लागलेली दिसली की मगच हात खाली. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. अगो बाय माझे! जी बाई बेडूक दिसला तर आठवडाभर ती वाट सोडायची, ती टिप्परांच्या रांगेसमोरून पाठीकडून चालत येत होती. माझ्या तोंडून भांडण परत निघालं नाही.

एकदा त्या संध्याकाळच्या आमच्याकडं आल्या. आत स्वयंपाकघरात सुमाची टकळी चालू होती. मांजराला ती शाळेतली कविता शिकवत होती, बाईंच्याच आवाजात, हातवारे करून. बाई दाराआड उभ्या राहून ऐकत राहिल्या. मी बोलणार तर मला खुणेनं गप्प केलं. मग सुमानं बघितलं आणि तोंड मिटलं.

बाईंनी आधी आढ्याकडं नजर टाकली, पाल नाही याची खात्री केली आणि जमिनीवर बसल्या. "सुमा, माका पालीचें भंय दिसता. तुका कोणाचें दिसता गो?"

सुमानं विलासकडं बघितलं. विलास पेज ओरपता ओरपता म्हणाला, "बाबान सांगलानी हुता. हय कोण खयच्या बाजूचो ता कळाचा नाय, भायर तोंड उघडूचा नाय. म्हणान ती उघडणा नाय. मी इसारलंय."

मला हे नवं होतं. यांनी आल्या आल्या मुलांना दम भरला आणि मला पत्ता नाही! मी कपाळावर हात मारला. "येऊ देत आज घरी, बघतेच मी."

"नाका," बाई म्हणाल्या. "तुमी सांगतल्यात आनी ते तुमकां गप बस म्हणटले. माका म्हणूंक शकचे नात." हे मात्र खरं होतं. मग त्या उंबऱ्यात थबकल्या. "म्हणजे टिप्परांमदीं वचचें पडटलें," स्वतःशीच पुटपुटल्या, आणि छत्री उघडून निघाल्या. मी मागोमाग.

टिप्परांचा तळ म्हणजे चिखल, ग्रीस, बिड्या आणि इंजिनांचा कानठळ्या बसवणारा आवाज. शालनबाई साडीच्या निऱ्या धरून, दर पावलाला थांबत, यांच्या गाडीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. हे बघतच राहिले. "बाई? तुमी आनी हय?"

"आदीं तें बंद करात."

यांनी इंजिन बंद केलं.

"विलासाचे बाबा, तुमी भियेतात?"

बाजूचे डायवर खो खो हसले. हे मिशीतून गुरगुरले, "मी? कोणाक?"

"कोणाक तें माका खबर ना. पूण भियेनात जाल्यार चेडवाक तोंड बांदून शाळेत कित्याक धाडलां?"

पोरीचं तोंड बांधून शाळेत का धाडलं, या सवालानं हसणं थांबलं. यांची मान खाली गेली.

"भियेवचें हो," बाई म्हणाल्या. "हांवूय भियेता. ह्या तुमच्या टिप्परामुखार म्हजे पांय कशे कांपतात पळयात." खरंच, साडीचा काठ लटलट हलत होता. "पूण हांव तसें सांगता. तोंड बांदल्यार भंय वचना, भितर रावता." तोंड बांधलं तरी भीती जात नाही, आत राहते, एवढं बोलून त्या वळल्या आणि जवळजवळ पळतच सुटल्या.

त्या संध्याकाळी यांनी सुमाला मांडीवर घेतलं. "बोल गो बाय. कोणय कायव म्हणाचो नाय. बाबाचा चुकला." सुमानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा गप्प. एकदा बसलेली भीती अशी सांगून उठते होय? नाताळ तर तोंडावर आला. मी सासूला निरोप पाठवायचं मनात आणायची आणि रडायची.

भाषेचा तंटाही त्याच सुमाराला हातघाईवर आला. बाईंच्या जनेलीपाशी एकदा एका बाजूची माणसं आली, एकदा दुसऱ्या. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही आमच्याबरोबर चला. दोघांनाही बाईंनी एकच उत्तर दिलं, "माका भंय दिसता," आणि जनेल लावली. दोन्ही बाजू म्हणायला लागल्या की बाई दुसऱ्या बाजूच्या आहेत.

आणि मग तो बंदचा दिवस. सकाळी सगळं शांत होतं म्हणून पोरं शाळेत गेली. दुपारपर्यंत तिठ्यावर झाड आडवं पडलं, टायर पेटले, कुठून तरी दगड आले. टिप्पर जागच्या जागी अडकले. "पोरां खंय आसत?" म्हणत आम्ही बायका रस्त्याकडं धावलो. पायात चप्पल आहे की नाही याचं भान नव्हतं. टायरचा काळा धूर, त्यात खनिजाचा लाल धुरळा, आणि रस्त्याच्या मधोमध काठ्या घेतलेली माणसं. कोण कुठल्या बाजूची, देव जाणे.

पलीकडच्या काठाला दोरी दिसली. शालनबाई पोरांना घेऊन येत होत्या.

एकानं त्यांना अडवून कुठल्या बाजूच्या ते विचारलं. "बाई, तुमी कोणाच्या वटेनच्यो? आदीं तें सांगात."

"माका भंय दिसता," बाई म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता. "तुमचें भंय दिसता. त्या टायराचें भंय दिसता. फाटल्यान भुरगीं आसात. वाट दिया."

त्याच्या हातातली काठी खाली आली आणि माणसं बाजूला झाली. बाईंनी हात वर केला, पाठ आमच्याकडं केली आणि उलट चालत रस्त्यात शिरल्या.

अर्ध्यावर आल्या असतील, तेवढ्यात अडकलेल्या टिप्परांतला एक डायवर घाबरून गाडी मागं वळवायला लागला. चाकांनी असा धुरळा उठवला की सगळं दिसेनासं झालं. बाईंचा नुसता वर केलेला हात दिसत होता. त्या आमच्या काठाला टेकल्या. पोरं एकेक करून धुरळ्यातून बाहेर यायला लागली, खोकत, डोळे चोळत, त्यांत विलासही. मधलंच एक पोर काठाला पाय लागल्याबरोबर भीतीनं किंचाळलं, "पावलोऽऽ!"

डायवरनं ते ऐकलं. बाईंनीही. त्यांचा हात खाली यायला लागला. टिप्परचं इंजिन गुरगुरलं.

"नाय पावलो!"

धुरळ्यातून आवाज. तीक्ष्ण, चिडलेला, घरात मांजराला रागवताना येतो तो. "अजून नाय पावलोऽऽ! मी हय आसय!"

बाईंचा हात गपकन वर गेला. अंगातली सगळी ताकद लावून त्या ओरडल्या, "थांब रेऽऽ!" ब्रेकचा आवाज आला. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा शेवटची गाठ दोन्ही मुठींत धरून सुमा लाल भुतासारखी माझ्यासमोर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आधी बाईंकडं वळून म्हणाली, "पावलो."

शालनबाई तिथंच रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसल्या आणि गळा काढून रडल्या. एवढ्या माणसांसमोर. "माका भंय दिसलें गो, माका केदें भंय दिसलें." सुमा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी दोघींना कवटाळलं आणि मीही रडून घेतलं.

सुटीआधी हेडमास्तरांनी विचारलं, "काय हो बाई, बोलते का ती मुलगी?"

"बोलते, सर," बाई म्हणाल्या. "सगळे घाईनं हो म्हणतात तेव्हा ती नाही म्हणते." सुमाचं नाव शाळेत राहिलं. नंतर तर ती इतकी बोलायला लागली की बाईंनी तिला पहिल्या बाकावरून मागं बसवलं.

पुढं घटकराज्य झालं, पोरं मोठी झाली, यांना मुरगावला गोदीत काम लागलं आणि आम्ही वास्कोला गेलो. शालनबाईंची भेट अधूनमधून व्हायची. दर वेळी भीतीची काहीतरी नवी गोष्ट असायचीच. गॅसची शेगडी, टेलिफोन, लिफ्ट.

शेवटची भेट साखळीच्या स्टँडवर झाली. सुमाला पहिला पगार झाला होता, ती बाईंना साडी द्यायला म्हणून मला घेऊन गेली होती. बाई पार वाकल्या होत्या, एका डोळ्याला दिसत नव्हतं. तरी आम्हाला बसपर्यंत पोचवायला आल्या. रस्त्याच्या काठाला येऊन थबकल्या. "माका भंय दिसता, सुमा."

सुमानं ओढणीचं टोक त्यांच्या हातात दिलं. एक हात वर केला, तोंड बाईंकडं केलं आणि रस्त्यात उलट चालायला लागली. मोटारी थांबल्या. बाई ओढणी दोन्ही मुठींत घट्ट धरून मागून येत होत्या, एकेक पाऊल चाचपत.

मग आम्ही बसमध्ये चढलो. गर्दी होती, बसायला जागा नव्हती. कंडक्टरनं घंटी मारली, पण बस हलेना. डायवर खिडकीतून बाजूला व्हा म्हणून ओरडत होता, "व्हडली बाय, कूस कर गो!" मी वाकून बघितलं. शालनबाई बसच्या नाकासमोर उभ्या होत्या. छत्री काखेत, एक हात वर.

"बाई, चढलो आम्ही!" मी ओरडले. त्यांनी ऐकलं नाही. सुमानं माणसांमधून वाट काढली, खिडकीतून अर्धी बाहेर झाली आणि जोरात ओरडली, "पावलोऽऽ!"

तेव्हा कुठं बाईंनी हात खाली घेतला आणि त्या बाजूला झाल्या.